फक्त हातांचे फोटो

आमच्या शाळेत एक समजूत पक्की होती. ज्या विषयाला कुणी हात लावत नाही तो कॉम्प्युटरच्या बाईंना द्यावा, त्या सगळं स्लाइडवर बसवतात. नव्वदचं दशक संपून एक-दोन वर्षं झाली होती. कुवेतमधल्या सालमियातल्या आमच्या भारतीय शाळेत बारा कॉम्प्युटरची नवी लॅब आली होती, आणि लॅबच्या बाई म्हणजे मी. वार्षिक प्रदर्शनात सातवीच्या वाट्याला आफ्रिका खंड आला. नद्या-पर्वत भूगोलाच्या बाईंनी आधीच उचलले, प्राणी विज्ञानवाल्यांनी नेले. उरलं ते माझ्या गळ्यात पडलं: आफ्रिकेची पारंपरिक औषधं आणि कला.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण न कळणाऱ्या गोष्टी झोकात मांडायची विद्या मी नुकतीच शिकले होते, आणि नव्या विद्येची मला भारी घमेंड होती. एका सीडीवर तयार चित्रं होती. त्यातला एक भेसूर मुखवटा मी पहिल्या स्लाइडवर टाकला, दुसरीवर पिसं लावलेला वैदू. माऊस दाबला की ढोल वाजायचा आणि मुखवटा गरगर फिरत पुढे यायचा. वर्ग खूश. मुलं "मिस, वन्स मोअर" करत राहिली आणि मी शेफारून पुन्हा पुन्हा माऊस दाबत राहिले. बाराव्या कॉम्प्युटरवरची एक मुलगी तेवढी हसत नव्हती. ती एरवीही फारशी बोलायची नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

त्याच आठवड्यात पालकसभा होती. ती मुलगी पायघोळ काळ्या अबायातल्या एका आफ्रिकन बाईबरोबर आली. कुवेतमध्ये भारतीय मुलाचा हात धरून अशी बाई दिसली की ती घरकामाची, हे आम्ही न विचारता धरून चालायचो. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, बाकाल्यात म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, सगळीकडे तेच दिसायचं. तिथल्या मोलकरणी मालकिणीला 'मामा' म्हणतात, म्हणून मीही तिला त्याच भाषेत सुनावलं, "मामा को बोलो, मिसने बुलाया है. मामा खुद आनी चाहिए." मुलगी जमिनीकडे पाहत उभी राहिली.

"सांगते, बाई," ती बाई म्हणाली. चक्क मराठीत.

मी कौतुकानं उजळले. "अगं वा! यांच्या घरात राहून मराठी शिकलीस की तू!"

ती किंचित हसली आणि मुलीला घेऊन गेली. मला स्वतःच्या दिलदारपणाचं इतकं कौतुक वाटलं की घरी येऊन नवऱ्यालाही हा किस्सा सांगितला. तो शुऐबा भागातल्या तेलाच्या प्लांटमधून दमून आला होता, त्यानं हूं केलं.

शनिवारी, म्हणजे तिथे आठवडा सुरू व्हायच्या दिवशी, मुलगी सुटीत लॅबमध्ये आली. दार लावून घेतलं आणि म्हणाली, "मिस, ती माझी मम्मी आहे." मी तोंड उघडायच्या आत तिनंच मला सावरून घेतलं, "इट्स ओके, मिस. सगळ्यांना तसंच वाटतं. क्लासमध्ये पण. मी सांगत नाही. तुम्ही पण सांगू नका हं."

बारा वर्षांची पोर मला समजावत होती. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे न बघता कीबोर्ड पुसत बसले. मी बोलले ते वाईट होतंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ही मुलगी रोज शाळेच्या फाटकात आपल्या आईला मोलकरीण होऊ देत होती, आणि भर सभेत एका शिक्षिकेनं त्यावर शिक्का मारला होता. आता ती आईला कधी आई म्हणेल की नाही, याची जबाबदारी थोडी तरी माझ्यावर आली होती.

मी त्यांच्या घरी गेले. हवल्लीतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. वडील रत्नागिरीकडचे, बंदरावर क्रेनचे मेकॅनिक. तरुणपणी जहाजावर असताना झांझिबारला त्यांचं लग्न झालं होतं. लग्नानंतर मुलीची आई चार वर्षं कोकणात सासूजवळ राहिली होती, मराठी तिथली. मी चहाला हात न लावता म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं. फार चुकलं. मला माफ करा."

"बाई, दुकानात, बसमंदी, समदीकडं तसाच बोलतात," ती म्हणाली. "त्याचा काय वाटत न्हाय आता. पन तुमी मराठीत बोललात ना, म्हनून लागला."

तिनं माझ्यापुढे खाऊच्या बश्या सरकवल्या आणि विषय काढला, "पोरगी सांगत होती, तुमी आमच्याकडच्या औषधांचा शिकवताय?"

तिनं कपाटातून एक बरणी काढली. वाळलेली पानं होती. मी वास घेतला आणि म्हणाले, "अहो, हा तर कडुलिंब!" तिच्या गावी त्याला चाळिसाचं झाड म्हणतात, चाळीस आजारांवर चालतं म्हणून. आम्ही पाडव्याला खातो हे ऐकून तिला हसू आलं. तिच्या सासूनंही दारातल्या लिंबाचा पाला तापाला दिला होता. मग दुसऱ्या डब्यातून पांढरट, आंबट गराचे तुकडे निघाले. तेही ओळखीचे, गोरखचिंचेचे. तापातून उठलेल्या माणसाला तोंडाला चव यावी म्हणून ती हा गर पाण्यात कालवून देते. भिंतीला टेकून एक अर्धवट विणलेली चटई होती. तिच्या गावी ती शिंदीच्या पात्याची करतात. इथे पालिकेची माणसं रस्त्याकडेच्या खजुरांच्या झावळ्या छाटतात, तेव्हा ती त्यातल्या घेऊन येते, वाळवून चिरते, रंगवते. जांभळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांची वीण इतकी बिनचूक होती की मी चटईला हात लावायला धजले नाही.

मी मुखवट्याबद्दल विचारलं. तिनं मान हलवली. "आमच्यात न्हाय हो मुखवटे. ते लांब, पश्चिमेकडं. आफ्रिका म्हंजे काय एक गाव हाय?"

ढोल आणि पिसं मी त्याच दिवशी पुसून टाकली. शाळेचा डिजिटल कॅमेरा मागून घेतला आणि मुलीला विचारलं, हे सगळं आपण प्रदर्शनात दाखवायचं का? ती म्हणाली, "फक्त हात. फेस नाही. आणि मम्मीचं नाव नको." तिच्या आईनं हे ऐकलं. ती हातातली पानं निवडत राहिली. मी कबूल झाले, कारण दुसरं काही मागायचा हक्क मला नव्हता.

फोटो काढले ते सगळे हातांचे. पानं चुरणारे, गर कालवणारे, पाती विणणारे. आईचा आवाज लॅबमधल्या माइकवर रेकॉर्ड केला, आधी तिच्या भाषेत, मग मराठीत. मुलगी कानाला हेडफोन लावून रोज सुटीत आवाजाचे तुकडे जुळवायची. आईचं खोकणं कापायची, एखादं वाक्य परत परत ऐकायची. एकदा हेडफोन काढून मला म्हणाली, "मम्मी किती छान सांगते ना?" मी नुसती हो म्हणाले आणि मनातून उड्या मारल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. पुढे पालक, प्राचार्य. मागच्या भिंतीशी बाबागाड्या घेऊन मोलकरणी. मुलीची आई येऊन त्यांच्यातच बसली. मी फाइल सीडीवर घालून आणली होती. मुलीनं माऊस दाबला. हात दिसले, आवाज नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. स्लाइडची फाइल मी घेतली होती, आवाजाच्या फाइली लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये तशाच राहिल्या होत्या. नवशिके करतात ती चूक. बारा कॉम्प्युटरवर मिरवणाऱ्या बाईंनी नेमकी तीच केली होती.

पडद्यावर मुके हात एकापाठोपाठ सरकत होते. पुढच्या रांगेतून एका डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "किती सुरेख विणलंय! कुणाचे हात आहेत हे?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण एकदा मी त्या बाईविषयी सगळ्यांसमोर बोलले होते आणि काय बोलले होते ते मला आठवत होतं, म्हणून मी ओठ घट्ट मिटून घेतले. वर्गातली मुलं चुळबुळ करायला लागली. मुलीनं माऊस सोडला, माइक हातात घेतला, आणि तो आवाज मला अजून तसाच ऐकू येतो.

"माझ्या मम्मीचे," ती म्हणाली. मग मागच्या भिंतीकडे बघून, "मम्मी, इकडे ये ना. आवाज लागत नाहीये."

अख्खा हॉल मागे वळला. बाबागाड्यांमधून वाट काढत ती पुढे आली. येताना घाई नव्हती की संकोच नव्हता. मी माझी खुर्ची उचलून कॉम्प्युटरपाशी ठेवली. बसण्याआधी ती माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "मामाला बोलवला होतात ना, बाई? आले बघा."

मग तिनं पुन्हा लावलेल्या पहिल्या स्लाइडवरच्या आपल्याच हातांकडे पाहिलं, मुलीनं तिच्या तोंडाशी माइक धरला, आणि ती चाळिसाच्या झाडाबद्दल सांगायला लागली.