चौथं गेट

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन होता. शाळेला जाताना रिक्षासाठी मी रोज तिथं थांबायचो. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस खुर्ची असूनही कधी बसायचा नाही. गेटपासून कडुलिंबापर्यंत जायचा, टाचेवर वळून परत यायचा. चहासुद्धा चालता चालता प्यायचा.

बेळगाव, जोधपूर, तेजपूर, लेह, अशी सगळी पोस्टिंग तो बोटांवर मोजून सांगायचा. निवृत्तीनंतरचं हे त्याचं चौथं गेट. कुणी काढलं नव्हतं. दोन-तीन वर्षं झाली की स्वतःच सोडायचा. "कुंभारीत घर बांधलंय की, पर लोखंडी पेटी अजून भरलेलीच हाय," म्हणायचा.

मी इतिहास शिकवतो. एकदा त्याला रोमन शिपायाबद्दल सांगितलं. वीस-पंचवीस वर्षं या छावणीतून त्या छावणीत चालायचं, शेवटी जमिनीचा तुकडा मिळायचा आणि तिथंच घर करून राहायचं.

तो थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आन् तितनं बदलीची ऑर्डर कोण काढायचं, सर?"

"कुणीच नाही."

तो पुन्हा कडुलिंबाकडे निघाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, तेव्हा गेटवर दुसराच माणूस होता. खुर्चीत आरामात बसलेला.