आप्पांचं इंधन आणि भज्यांचा वास

आमच्या ऑफिसात माल कमी अन् किस्से जास्त साठतात! लातुरात औसा रोडला आमचं दुकान. शेतातलं, गोठ्यातलं, हॉटेलातलं जे टाकाऊ असेल, त्याचं इंधन करून विकायचं. मालक शिवलिंगआप्पा, ड्रायव्हर करीमभाई, आणि फोन उचलायला मी. 'गिऱ्हाइकाला फायदे-तोटे दोन्ही कळले पाहिजेत' हा आप्पांचा नियम. फायदे आप्पा सांगतात, तोटे गिऱ्हाईक!

*

एकदा आप्पांनी भज्यांच्या जळक्या तेलाचं बायोडिझेल करून आमच्याच पिकअपमध्ये ओतलं. गाडी झकास पळाली. पण जाईल तिथं तळणाचा घमघमाट! नांदेडला सिग्नलवर एक जण धावत आला, "मिरची भजे हायत का?"

करीमभाई म्हणाले, "हाव! सायलेन्सरमधी हायत, घाल हात!"

*

त्याआधी आप्पांना जट्रोफाचं वेड. बियांपासून डिझेल! पडीक माळावर रोपं लावली आणि गावभर सांगितलं, "पाणी कमी लागतं, शेळ्यासुद्धा तोंड लावत न्हाईत!"

झाडं वाढली, बिया मात्र मूठभर.

आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू म्हणाल्या, "शेळ्यांना आधीच कळलं होतं. तुम्हालाच उशीर झाला!"

*

नायगावजवळ एका पाटलांकडं गोबरगॅस बसवला. संडासही त्यालाच जोडला. त्यांचे व्याही दोन दिवस मुक्कामाला आले. चहा पिता पिता म्हणाले, "निळी ज्योत, धूर न्हाई, सिलिंडरची कटकट न्हाई. वा!"

पाटील नम्रपणे म्हणाले, "तुमचाबी हातभार हाय की त्यात, पाव्हणं!"

चहा तसाच राहिला.

*

औशाकडच्या एका गावात आप्पा इथेनॉलवर रंगात येऊन बोलत होते. ऊस लावा, गाड्या आपल्या उसावर चालतील, वगैरे. टँकरची वाट बघत उभी असलेली एक बाई म्हणाली, "ऊस पाणी पितो, गाडी ऊस पिती. आम्ही काय प्यावं?"

आप्पांनी पुढ्यातली पाण्याची बाटली गुपचूप टेबलाखाली ठेवली. त्यानंतर इथेनॉलचं भाषण बंद!

*

पण धर्माबादकडचा किस्सा म्हणजे कहर. सोयाबीनच्या भुसकटाचे दाबून केलेले ठोकळे स्मशानभूमीसाठी विकायला गेलो होतो. आप्पा म्हणाले, "लाकूड लागत न्हाई, झाडं वाचतात!"

सरपंचांनी विचारलं, "पण ट्रायल कशी घ्यायची?"

सगळ्यांच्या नजरा कट्ट्यावरच्या तुकाराम आजोबांकडं वळल्या.

"माझ्याकडं काय बघून राहिलेत रे?" आजोबा उसळले.

आप्पांनी छाती ठोकली. "आजोबा, गॅरंटी माझी! स्वतः वापरल्याबिगर मी कुठलाच माल विकत न्हाई!"

आजोबांनी आप्पांच्या कपाळावरचं भस्म नीट न्याहाळलं.

"आप्पा, तुम्ही लिंगायत ना? तुमच्यात तर पुरतात!"