गेमचे डबे कोण नेतं

संशय हा माझा धंदाच आहे. मी अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो. समोरचा साक्षीदार ‘मी सकाळी उठलो’ म्हणाला, तरी माझ्या मनात येतं, कशावरून? बायको म्हणते, घरी आल्यावर काळ्या कोटाबरोबर हा स्वभावही खुंटीला टांगत जा. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली, आता तिनेही नाद सोडला आहे.

कोर्टाबाहेर मला एकच वेड आहे. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे, कॅसेट घालायचे व्हिडिओ गेम मिळायचे. ते जुने डबे मी उघडतो आणि त्यांची वाद्यं करतो. आत आवाज काढणारी चिप असते. बिचारीला येतात मोजकेच आवाज: दोन टोकदार, एक पोकळ आणि एक नुसती खरखर. तिच्या पायाला तार सोल्डर करायची, तो आवाज टीव्हीऐवजी सरळ स्पीकरला न्यायचा, आणि रेडिओला असतं तसं फिरवायचं बटण लावून सूर वर-खाली करायचा. ऐकणाऱ्याला ते मांजराचं भांडण वाटतं. मला नाही वाटत.

या वेडात मला एकच भागीदार मिळाला, माझा साळा. अकोल्याला जठारपेठेत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. भंगारातून जुने डबे हुडकायचं काम त्याचं, फोडायचं माझं. रविवारी तो एसटीने यायचा आणि आम्ही मागच्या खोलीत दार लावून बसायचो. माझे बाबा, निवृत्त मुख्याध्यापक, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. ते कधी दारात येऊन उभे राहत, ‘छान आहे’ म्हणत आणि परत जात. या ‘छान’वरही माझा विश्वास नव्हता. पोराचा पोरकटपणा त्यांना खपत नाही, फक्त बोलत नाहीत, असा माझा जुना संशय होता.

दिवाळीनंतर फळीवरचा एक डबा गेला. आधी वाटलं, मीच कुठे ठेवला असेल. मग दुसरा गेला, आणि माझ्यातला वकील जागा झाला.

चोरी विचित्र होती. साळ्याने आणलेला कीबोर्डवाला जुना कॉम्प्युटर, ज्याच्यासाठी पुण्याहून लोक फोन करतात, तो जागच्या जागी. अर्धवट डब्यांना हात नाही. गेले ते पूर्ण झालेले, आणि त्यातही असे, ज्यांना मी लांब सूर धरायला लावलं होतं. एकदा लावला की तो सूर तानपुऱ्यासारखा अखंड चालायचा. म्हणजे चोराला कान होता. आमच्या ओळखीत असे कान दोनच माणसांना, त्यातला एक मी.

तरी रीतीप्रमाणे आधी बायकोची उलटतपासणी घेतली. ती शाळेत शिकवून नुकतीच आली होती आणि भाजी निवडत होती.

“म्या भंगारात देले असते तं बदल्यात स्टीलचं पातेलं घेतलं असतं,” ती म्हणाली. “घरात नवीन पातेलं दिसून राहिलं का तुमाले?”

पातेलं दिसत नव्हतं. मी म्हटलं, मग उरला तुझा भाऊ. तिने विळी बाजूला सारली.

“तो तुमाले सख्ख्या भावासारखा मानते. तुमी त्याले चोर म्हना, तो या घराची पायरी चढनार नाही. अन् खरं निघालं नाही तं मंग त्याले परत कोन आननार?”

पुढच्या रविवारी मीच अकोल्याला गेलो. बोलायचं काहीच नाही, फक्त बघायचं, असं ठरवून गेलो. दुकानात शिरलो तर काउंटरवर माझा पहिला गेलेला डबा. सोल्डरचे थेंब माझे, निळी तार माझी. साळ्याने तो लपवलाही नव्हता.

“भाऊजी, हा तुमचाच ना?” तोच आधी बोलला. “भंगार बाजारात गवसला. तुमाले नको होता तं मले मागाचा. भंगारात काहून टाकला?”

चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं. गुन्हेगार हुशार असला की पहिला प्रश्न तोच विचारतो, हे मी रोज पाहतो. त्याचा चेहरा उतरलेला होता, पण उतरलेले चेहरे तर मला आणखीच खोटे वाटतात. मी शांतपणे म्हटलं, चल, ते दुकान दाखव.

त्याने कुरकुर न करता शटर ओढलं आणि मला घेऊन गेला. भंगार दुकानदाराने डबा ओळखला. म्हणाला, असा माल अमरावतीहून येतो, तिकडचा एक हातगाडीवाला चाचा गोळा करतो. मी आमच्या गल्लीचं नाव सांगितलं तर म्हणाला, त्याच भागात फिरतो. साळा माझ्याकडे पाहत राहिला. मी कशासाठी आलो होतो, हे त्याला तेव्हाच कळलं असावं. परतीच्या एसटीपर्यंत तो सोबत आला.

त्या चाचाला मी ओळखत होतो. दर आठवड्याला तो आमच्याच गल्लीतून ओरडत जायचा. एका दुपारी कोर्ट बुडवून मी कोपऱ्यावर उभा राहिलो आणि त्याची गाडी अडवली. डब्याचं नाव काढताच त्याने दोन्ही हात वर केले.

“वकीलसाब, मेरे को चोर मत समझो. तुमच्या बुढ्या बाबांनी देले. पैसा नाही घेतला. बोले, दूर नेऊन इक, इथं वाजाले नको.”

म्हणजे साळा निर्दोष सुटला. आणि बाबांबद्दलचा माझा जुना संशय खरा ठरला. खोटं कशाला सांगू, राग तर आलाच, पण आपलं बरोबर निघालं याचा थोडा आनंदही झाला. त्याच तिरमिरीत मी घरात शिरलो.

बाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते.

“बाबा, माहे डबे तुमी देले?”

“हो, म्याच देले.” त्यांनी शेंग खाली ठेवली नाही.

“काहून? तुमाले आवडत नाही तं तोंडावर सांगाचं होतं. मागून काहून?”

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले. मग शेंगांकडे पाहतच सांगायला लागले.

“त्या दिवशी तू एक चालू ठेवून कोर्टात गेला. सूनबाई शाळेत. मागच्या खोलीतून एकच आवाज येऊन राहिला. म्या जाऊन बोर्डाचं बटन बंद केलं. मंग मेन स्विच पाडला. साऱ्या घरातली लाइट गेली, तरी ते वाजूनच राहिलं.”

विजेची घरघर सुरात उतरू नये म्हणून मी डब्यांत सेल घातले होते. आणि कोणी चाळा करू नये म्हणून बंद-चालूचं बटण पोटाखाली, बोटाला लागणार नाही असं बसवलं होतं.

“बरं, आवाज होता. एवढं काय त्यात?” मी म्हटलं. माझा राग अजून उतरला नव्हता.

“दवाखान्यात तू औषध आनाले खाली गेलता,” बाबा म्हणाले. “तवा तुह्या मायचं मशीन टिकटिक करता करता एकदम असंच लागलं. एकच सूर. सारे धावत आले. पन ते मशीन कोनी बंद करे ना, सारे तिच्याकडे पाहत होते. म्या म्हनलं, अरे ते बंद करा. माहं कोनी आयकलं नाही.”

मी औषधं घेऊन वर आलो होतो तेव्हा खोलीत सगळं शांत होतं. मशीनही. त्याआधीचं मी कधी विचारलंच नाही.

“त्या दिवशी घरातही मले ते बंद करता आलं नाही,” ते म्हणाले. “बाहेर येऊन बसलो, तरी इथवर ऐकू ये. मंग तो भंगारवाला आला. म्या त्याले हात जोडले. त्यानं तार तोडली, घेऊन गेला. मंग दुसरा तसा वाजला तं तोही देऊन टाकला.”

“मले सांगाचं होतं, बाबा.”

“तू खुश होता.”

मला रडू आलं. बाबांसमोर रडायची सवय नाही, म्हणून मी खाली बसून त्यांच्या शेंगा सोलायला लागलो. उरलेले डबे आजच गाडीवर घालतो, असं काहीतरी बोललो. त्यांनी मान हलवली.

“फेकू नको. मले फक्त दाखव, कुठून बंद होते ते.”

मी आतून एक डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट धरून पोटाखालच्या बटणावर नेलं. त्यांनी दाबलं. सूर लागला. त्यांची मान ताठ झाली, दुसऱ्या हाताने त्यांनी माझा दंड धरला. मी काही केलं नाही. मग त्यांनीच पुन्हा बटण दाबलं, आणि ओसरीवर गल्लीतल्या पोरांचा आवाज ऐकू यायला लागला.

त्यांनी परत लावला. परत बंद केला.

“होते बंद,” ते म्हणाले.