विमानातली चौथी खुर्ची

तराजूपाशी उभ्या असलेल्या माणसाला किस्से शोधायला जावे लागत नाही. ते आपल्या पायांनी येऊन पारड्यात बसतात! मी नाशिकच्या धान्यबाजारात मापाडी. दिवसभरात जे घडेल ते वहीत लिहून ठेवायची सवय. घरी मंडळी म्हणते, "ज्वारीला कीड लागते, तुमच्या वहीला किस्से लागतात!"

एकोणीसशे तीस साल उलटून दोन-तीन वर्षे झाली असतील. थंडीत गावाबाहेरच्या माळावर एक विमान उतरले. चार माणसे बसवायची, नाशिकवरून एक फेरी मारायची आणि परत तिथेच आणून सोडायची. आत चार खुर्च्या, दोन पुढे, दोन मागे. वजन नीट वाटले गेले नाही तर विमान डोलते, म्हणून ते हाकणाऱ्या गोऱ्या साहेबाला माणसे तोलून हवी होती. त्याचे मॅनेजर दिनकरराव बाजारात आले आणि मला मोठ्या तराजूसकट टांग्यात घालून घेऊन गेले. काम सहा दिवसांचे. साहेबाने कबूल केले, की अगदी शेवटच्या फेरीला एखादी खुर्ची रिकामी राहिली तर ती माझी!

मंडळीला हे सांगितले. ती म्हणाली, "वर जाल तेव्हा आपलं घर बघा. पावसात कुठेतरी गळत होतं. कोणती कौलं सरकलीत तेवढं पाहून या."

"ते काय, मी छपरावर चढूनही बघीन."

"तीन महिने झाले. छपरावर चढायला तुम्हाला सवड नाही, आभाळात चढायला आहे!"

*

पहिले गिऱ्हाईक म्हणजे पेन्शनर हेडमास्तर. पारडे पाहून ते भडकलेच. "मी काय कांद्याचं पोतं आहे?"

"नाही मास्तर, पोतं हलत नाही. जरा स्थिर बसा."

जड माणसे पुढच्या खुर्च्यांवर, हलकी मागे, असा साहेबाचा नियम. मास्तर हलके निघाले. ते मागे बसले, पण उतरल्यावर गावभर सांगत सुटले, की पुढची खुर्ची मानाची असते आणि मापाडी वशिल्याने देतो! दुसऱ्या दिवसापासून जो तो जड व्हायला बघू लागला. एका वकिलाचा काडीसारखा कारकून पारड्यात बसला तर वजन पावणेदोन मण! त्याच्या कोटाचे दोन्ही खिसे दगडांनी भरलेले.

"हे काय?"

"डॉक्टरांनी वजन वाढवायला सांगितलंय!"

*

चांदभाई अत्तरवाले एकटेच आले. खुर्चीत बसल्यावर त्यांनी इकडे-तिकडे पाहिले. "मापाडीभाऊ, गाडीवान कुठाय?"

त्या विमानात साहेब मागे, वरच्या अंगाला, उघड्यावर बसायचा. मधल्या फळीला वीतभर भोक होते. त्यातून त्याला आतल्यांची फक्त डोकी दिसत. चार डोकी मोजली की तो विमान सोडी.

"हाकणारा वाऱ्यात आणि बसणारे गादीवर? हा उलटा कारभार आहे!"

फेरी संपल्यावर मी विचारले, "कसं दिसलं नाशिक?"

"नाशिक कुणी पाहिलं? मी सगळा वेळ त्या भोकातून साहेबाकडे बघत होतो. तो पडला असता, तर बाकीच्यांना कुणी सांगितलं असतं?"

*

एकदा एका भिंतीवरून बारा वर्षे कोर्टात भांडणारे दोन शेजारी वेगवेगळे आले. दोघांचे वजन शेराच्या फरकाने सारखे! नियमाप्रमाणे दोघांना पुढे शेजारी-शेजारी बसवले. दोघांनी तोंडे दोन खिडक्यांकडे फिरवली. वरून दोघांनीही ती भिंत शोधली. एकालाही सापडली नाही.

खाली उतरल्यावर बारा वर्षांनी पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलले. मग दोघे मिळून, ती भिंत नकाशात दाखवणाऱ्या मोजणीदारावर फिर्याद करायला गेले!

*

सायखेड्याचे भिकाजी आले ते दशम्यांचे गाठोडे घेऊन. "मला सायखेड्याला सोडा."

"भिकाजी, हे वाटेत थांबत नाही."

"थांबू नका. नुसतं हळू करा, मी उडी मारतो. सर्व्हिस मोटार करतीच की!"

"अहो, जिथून चढायचं तिथंच उतरायचं."

"मग मी आत्ता हितंच हाय की! लय शहाणा हाय तुमचा साहेब!" असे म्हणून ते गाठोडे उचलून निघून गेले.

*

सहा दिवस उतरणाऱ्या प्रत्येकाला मी घराची खूण सांगून विचारत होतो, "आमची कौलं दिसली का?" सगळ्यांचे उत्तर एकच. वरून घर म्हणजे खोबऱ्याची वाटी. कौल कुठले दिसते!

शेवटचा दिवस आला. शेवटच्या फेरीला तीनच माणसे. पुढच्या खुर्चीचा हट्ट धरून हेडमास्तर; साहेब पडत नाही अशी खात्री झालेले चांदभाई; आणि विचार पालटून आलेले भिकाजी. चौथी खुर्ची रिकामी!

दिनकररावांनी मला तोलले. एक मण सत्तावीस शेर. मी आत जाऊन बसलो. तिघांनाही घराची खूण सांगितली. आणि एकदम आठवले: सहा दिवसांत प्रत्येकाचे वजन वहीत लिहिले, माझे लिहायचे राहिले! वही तराजूपाशी, वीस पावलांवर. सर्व्हिस मोटारीत जागा धरतात तसे मी डोक्यावरचे पागोटे खुर्चीच्या पाठीवर ठेवले आणि उतरलो.

साहेबाने भोकातून पाहिले. डोकी चार.

मी "सत्तावीस शेर" लिहून मान वर केली तेव्हा माझे पागोटे गोदावरी ओलांडत होते!

भर माळावर, बोडक्याने, हातात वही घेऊन मी उभा. दिनकररावांनी डोक्याला बांधायला आपला रुमाल पुढे केला.

विमान परत आले. हेडमास्तर उतरून म्हणाले, "मापाडी, तुमचं पागोटं फार सभ्य. ओरडलं नाही, ओकलं नाही. चांदभाईंनी दोन्ही केलं."

भिकाजींनी दोन्ही हातांनी पागोटे माझ्या डोक्यावर ठेवले. "न्हाणीवरची तीन कौलं सरकलीत. घरी सांगा."

घरी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीने शिडी धरली आणि मी छपरावर चढलो. न्हाणीवरची कौले सरकली होती. मोजून तीन!

पुढे सायखेड्याच्या बाजारात भिकाजी भेटले. मी त्यांना धरलेच. "एवढ्या उंचावरून तुम्हाला तीन कौलं दिसली तरी कशी?"

"मला कुठं दिसली? मी चढल्यापासून डोळे गच्च मिटून बसलो व्हतो," भिकाजी म्हणाले. "खिडकीशी तुमचं पागोटं धरलं व्हतं!"