मी बनवलेल्या नीलचा डावा कान

आधीच सांगतो, मी असलं काही मानणाऱ्यातला नाही. चौकात कुणी लिंबू उतरवून टाकलेलं दिसलं की मुद्दाम त्यावरून गाडी घालणारा माणूस मी! त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय... पण लिहितो.

राहणार सोलापूर. बाजारात आमचं ज्वारी-तुरीचं दुकान, वरच घर. आमच्यात गेलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, म्हणून मी शिवलिंगप्पा. सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं, म्हणून आई मला कधीच नावानं हाक मारत नाही — 'अप्पा' म्हणते. वडील तर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार, "आमचे वडीलच परत आलेत की. गादी त्यांचीच." थोडक्यात, माझं सगळं मी यायच्या आधीच ठरलेलं.

म्हणून मला गेम लागायचे ते स्वतःचा कॅरेक्टर बनवायचे. नाक, डोळे, नाव — सगळं आपण ठरवायचं. माझा मित्र मोहसीन उलटा. त्याला तयार हिरो हवा. "बना-बनाया हीरो अच्छा रे. उसका टेन्शन उसको, अपने कू क्या?" मी म्हणायचो, अरे, तो हिरो तुझा नाहीच, तू नुसता त्याचा ड्रायव्हर. माझा मात्र माझा! यावरून आमची कायम जुंपायची.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीची ऑफर आली. घरी बोलायची छाती होईना. त्याच आठवड्यात नवा गेम घेतला आणि 'नील' बनवला. सडपातळ, घाऱ्या डोळ्यांचा, मिशी सफाचट... आमच्या खानदानात शोधून सापडणार नाही असा.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा खेळायचो. सुरुवातीला मस्त चाललं. मग नील गेममधल्या गावाच्या वेशीपाशी अडायला लागला. कितीही पुढं दाबा, तो वळायचा आणि बाजारातल्या धान्याच्या दुकानापुढं मांडी घालून बसायचा. मांडी घालायचं बटणच नाही हो त्या गेममध्ये! मोहसीननं कंट्रोलर बदलला, गेम पुन्हा टाकला. तेच. "यार, ये तेरी नै सुन रा," म्हणाला आणि चहाही न घेता गेला.

एका दुपारी आई चहा घेऊन आली. नील स्क्रीनवर बसलेला. आईनं कप टेकवला, वर बघितलं आणि झटकन पदर डोक्यावर घेतला.

"आई, काय झालं?"

"अय्यो... काही न्हाय रे." मग हळूच म्हणाली, "मामंजी बसल्यागत वाटलं की. कान तसाच हाय."

"कसला कान?"

"डावा. बाळी ओढून फाटला होता त्यांचा. फोटोत पटका हाय, म्हणून दिसत न्हाय."

मी झूम केलं. डाव्या कानाची पाळी खालून फाटलेली. बनवताना मी कानाला हातसुद्धा लावला नव्हता! नील तिथल्या तिथं डिलीट केला. नवीन बनवली — यावेळी बाईच, सोनेरी केसांची. ती वेशीपर्यंत गेली, वळली, दुकानापुढं मांडी घालून बसली. कान फाटका.

गेम काढून टाकला. दुसऱ्या दिवशी घरी सांगून टाकलं, पुण्याला चाललो. वडिलांनी नुसता तराजू पुसायला घेतला. बॅग घेऊन रिक्षानं स्टँडवर गेलो. कंडक्टर "पुणे, पुणे" ओरडत होता, ते आठवतंय. बसच्या पायरीवर पाय ठेवला... आणि मी दुकानात गादीवर मांडी घालून बसलो होतो. बॅग शेजारी, मुठीत ज्वारी. रिक्षावाला म्हणतो, तुमीच परत फिरव म्हणालात की.

नंतर पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. ऑफर गेली. मी त्या दिवशी पोरीसारखा रडलो, खोटं कशाला सांगू? डॉक्टर म्हणतात टेन्शन. असेल बाबा! पण टेन्शननं गेममधला कान कसा फाटतो? कुणाला माहीत असेल तर सांगा.

आता दुकान मीच बघतो. काल संध्याकाळी आई चहा घेऊन खाली आली. मी तूर मोजत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला. 'अप्पा' म्हणाली नाही. खाली मान घालून म्हणाली, "चहा घ्या."

डाव्या कानाला हात लावून बघायचा धीर मला अजून झालेला नाही.