खुकरीला लाल लाख

ही वही कोणाच्या हाती पडलीच, तर माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला आणि वाकड्या अक्षराला माफ करावे. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच.

लग्न होऊन मी चांदूर बाजारला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. धाकटे दीर पलटणीत होते. त्यांच्या नेपाळी दोस्ताने दिलेली खुकरी आमच्या घरी असे. त्याच्या गावच्या लोहाराने हाताने घडवलेली, मधे वाकलेली. सुटीवर आले की दीर तिनेच कुंपणाच्या बाभळी तोडत. जीव होता त्यांचा तिच्यावर. खंडेनवमीला विळ्या-कुऱ्हाडींबरोबर तिचीही पूजा होई, आणि त्या वर्षी पूजेला ते स्वतः येणार होते.

आदल्या दिवशी मी हत्यारे घासायला काढली. खुकरीवर तेलाचा चिकट थर. मी ती दुधाच्या भांड्यासारखी उकळत्या पाण्यात बुडवून ठेवली. काढायला गेले तर मूठ माझ्या हातात आणि पाते पाण्यात!

सांगायचे कोणाला? घरात मी मान वर करून बोलतही नसे. मुठीच्या आत तांबूस काहीतरी वितळलेले दिसले. वास ओळखीचा होता, बांगड्यांच्या दुकानातला. लाख होती ती!

जुन्या लुगड्यात गुंडाळून मी पाते आणि मूठ दोन गल्ल्यांपलीकडे, लाखेच्या बांगड्या करणाऱ्या कासारणीकडे नेली. गाठोडे सोडताच ती मागे सरली.

"कोनाले मारून आली वं पोरी?"

मी सगळे सांगितले. ती पोट धरून हसली. "मंग रडून कावून राहिली? लाख ते लाखच. पन माह्याजवळ लालच हाय, सांगून ठेवतो."

शेगडीवर लाख वितळवून तिने मुठीत ओतली, पात्याचा दांडा तापवून आत बसवला. दोन रुपये सांगितले. माझ्याजवळ आठ आणे होते, तेवढे दिले.

"दे हळूहळू. पन बांगड्या माह्याकडंच भरजो."

खंडेनवमीला दिरांनी खुकरी उचलली. मूठ घट्ट होती, पण सांध्याशी लाल रेघ, आणि तिच्यात बांगडीतली चमकी! मी दाराआडून पाहत होते.

"वहिनी! माह्या खुकरीले बांगडी कोनं भरली?"

"मी भरली, भावजी," मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले. "उकळत्या पाण्यानं मूठ सुटली होती. कासारणीकडून लाखेनं बसवून घेतली, तिचा दीड रुपया द्यायचा आहे."

आधी सासूबाईंनाच हसू फुटले. दिरांनी एका घावात कोहळ्याचे दोन तुकडे केले. मूठ हललीसुद्धा नाही.

"आता साऱ्या पलटणीच्या खुकऱ्या तिच्याकडंच आनतो!"

राहिलेले पैसे ते देऊ लागले. मी घेतले नाहीत. शेजारणींच्या शेवया करून दर बाजाराला आठ आणे नेऊन दिले. तिसऱ्या बाजाराला शेवटची अधेली कासारणीच्या हातावर ठेवली.

"फिटले वं पोरी सारे," ती म्हणाली.