उतारावरची जीप आणि पाण्यातला देव

जीपवाल्याने देव पाहिला होता तो फक्त मागच्या आरशात. म्हणजे असं, की देव बघून आलेले प्रवासी मागच्या सीटवर जे बोलायचे, ते हा आरशात त्यांची तोंडं बघत ऐकायचा. स्वतः कधी वर गेला नाही. रस्ता संपतो तिथे जंगलाच्या तोंडाशी असा उतार, की हँडब्रेक नुसता नावाला. एकदा चाकांखालचे दगड ढकलून जीप आपली आपण निघाली होती. तेव्हापासून प्रवासी परत येईपर्यंत हा ब्रेकवर उजवा पाय दाबून बसून. उभी हयात अशीच गेली.

घरी आला, की बायको पीठ मळता मळता विचारायची, “आज काय म्हणाले?”

मग हा चौघांचं बोलणं एकत्र करून, वर तिखटमीठ लावून सांगायचा. ओढ्याच्या तळाशी खडकात शेषशायी विष्णू कोरलाय. पाणी अंगावरून वाहतं, पांघरुणासारखं.

“झोपलाय की जागा?”

“जागा! डोळे टक्क उघडे!”

खरं तर अर्धे प्रवासी उघडे म्हणायचे, अर्धे मिटलेले. याने आपला जागा देव निवडला. आणि बायकोने तो धरूनच ठेवला. पोरीचा ताप उतरेना, तेव्हा उशाशी बसून म्हणाली होती, “तो जागा आहे ना तिकडे, मग मी घटकाभर पडते.”

आता तिचे गुडघे कुरकुरायला लागले. “अहो, पाय चालताहेत तोवर दाखवा एकदा.”

ब्रेकवर मेहुण्याला बसवलं. “दाजी, निर्धास्त जा. जीप गेलीच, तर मीही गेलो समजा!”

“तू गेलास तर चालेल रे. जीप सांभाळ.”

वाट चढू लागली. झाडं एवढी, की मान मोडली तरी शेंडा दिसेना. दोन्ही बाजूंना दगडी मूर्ती, कुणाच्या ओंजळीत नेचे उगवलेले, कुणाच्या खांद्यावर शेवाळाची शाल. दर वळणावर जीपवाल्याचा हात हवेत चाचपडे.

“हॉर्न शोधताय?”

“समोरून कुणी आलं तर?”

“इथे देवच येईल. बाजूला होऊ.”

ती हसली, पण याला वेगळीच धास्ती. डोळे मिटलेले निघाले तर? इतक्या वर्षांचा तिचा जागता देव एका घटकेत झोपायचा.

पाण्याचा आवाज आला आणि झाडी सरली. ओढ्याचा अख्खा तळ म्हणजे देव. शेषाची वेटोळी पार पलीकडच्या काठापर्यंत. पाणी काचेसारखं, आणि त्याखाली तो केवढा तरी चेहरा. बायको काठावर गुडघे धरून बसली. बघत राहिली. जीपवाल्याला तिकडे बघवेना.

“अहो, बघा तरी!”

त्याने बघितलं. लाट आली, पापणी मिटली. लाट सरली, डोळा उघडला. पुन्हा मिटली. पुन्हा उघडला. प्रवासी सगळेच खरं बोलले होते. पण एवढं मोठं, एवढं जिवंत काही असतं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. याचा उजवा पाय मात्र अजून खडकावर गच्च दाबलेला, पोटरी थरथरत होती.

बायकोने त्या पोटरीवर हात ठेवला.

“सोडा आता तो ब्रेक,” ती म्हणाली. “तो आहे ना जागा.”